सील शाबूत आहे, मग कंटेनर उघडायचा कशाला?

मालवाहू कंटेनरमधून होणारी चोरटी वाहतूक आणि माणसांची बेकायदा ने-आण थांबवायची तर तपासणीत काय सुधारायला हवे, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरे. गोदाम, बंदर आणि कस्टमच्या कामाशी रोजचा संबंध असलेल्यांचे प्रश्न जास्त आले, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : एक्स-रे स्कॅनरमधून कंटेनर मिनिटभरात जातो. मग बंदरात येणारा प्रत्येक कंटेनर स्कॅन का करत नाहीत?

अमेरिकेने हे कायद्याने करून पाहिले. २००७ मध्ये तिथे कायदा झाला की, १ जुलै २०१२ पासून परदेशी बंदरात स्कॅन झाल्याशिवाय एकही कंटेनर देशात येणार नाही. मुदत आली आणि पुढे ढकलली गेली; त्यानंतरही ती पुनःपुन्हा ढकलावी लागली. अडचण यंत्राच्या वेगाची नाही. चित्र मिनिटात निघते, पण ते वाचायला माणूस लागतो. एका जहाजातून चार हजार कंटेनर उतरले आणि प्रत्येक चित्राला चार मिनिटे दिली, तरी २६६ तासांहून जास्त काम होते. त्यात ज्याचा संशय येईल तो रिकामा करून पाहायचा, म्हणजे हमालांसकट अर्धा ते पूर्ण दिवस. शिवाय एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर चढणारे कंटेनर बंदराच्या गेटपर्यंत येतच नाहीत. त्यांना मुद्दाम उचलून स्कॅनरपर्यंत न्यावे लागते.

म्हणून खरे काम कंटेनर बंदरात येण्याआधी, कागदांवर होते. अमेरिकेत जहाजावर माल चढण्याच्या २४ तास आधी मॅनिफेस्टची, म्हणजे मालाच्या यादीची माहिती द्यावी लागते, आणि युरोपातही आगाऊ माहितीची पद्धत आहे. या माहितीत बघायचे काय? माल पाठवणारी कंपनी कालपरवा नोंदलेली आहे का. मालाची किंमत भाड्यापेक्षा कमी आहे का. दगड किंवा भंगार अर्ध्या जगाला वळसा घालून चालले असेल, तर पैसे कुठून निघतात हे विचारलेच पाहिजे. ज्या देशात एखादी वस्तू पिकतच नाही, तिथून ती येते आहे का. जहाज निघाल्यावर माल घेणाऱ्याचे नाव बदलले का. मालाचे वर्णन 'सर्वसाधारण सामान' असे मोघम आहे का. यातली एकच गोष्ट सापडली तर ती बहुधा निष्काळजीपणाची असते. तीन गोष्टी एकत्र आल्या, तर तो कंटेनर बाजूला काढावा.

संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय आणि जागतिक कस्टम संघटना यांनी २००४ मध्ये सुरू केलेला कंटेनर नियंत्रण कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो : कस्टम, पोलीस आणि इतर खात्यांचे लोक एकाच खोलीत बसून कागद वाचतात. आमच्या मते, एखाद्या बंदराकडे एका नव्या स्कॅनरइतकेच पैसे असतील, तर त्यांनी आधी ही खोली उभी करावी.

प्रश्न : आमच्या गोदामात रिकामे कंटेनर येतात आणि माल भरून जातात. भरण्याआधी नेमके काय तपासायचे? सध्या आम्ही दार उघडून आत डोकावतो, इतकेच.

डोकावण्याने फक्त घाण आणि गळती कळते. लपवलेली पोकळी शोधायची तर मोजपट्टी, हातोडी आणि टॉर्च लागतात. लेझरचे अंतरमापक असेल तर उत्तम. सराव झाला की एका कंटेनरला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. व्यापारी सुरक्षा कार्यक्रमांत यालाच सात जागांची तपासणी म्हणतात : समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, तळ, छत, दारे आणि बाहेरचा खालचा भाग.

सुरुवात मोजण्यापासून करा. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९० मीटर असते, ४० फुटीची सुमारे १२.०३ मीटर. रुंदी दोन्हींत साधारण २.३५ मीटर. आतली उंची साध्या कंटेनरमध्ये सुमारे २.३९ मीटर आणि हायक्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या कंटेनरमध्ये सुमारे २.७० मीटर. बनावटीनुसार एक-दोन सेंटिमीटरचा फरक चालतो. दहा सेंटिमीटर कमी भरले, तर समोर खोटी भिंत आहे असे धरूनच पुढे जा. लांबी तळाशीही मोजा आणि छताजवळही, कारण खोटी भिंत बहुतेक वेळा पूर्ण उंचीची असते, पण नेहमीच असते असे नाही. दहा सेंटिमीटर जाडीच्या खोट्या भिंतीमागे २.३५ गुणिले २.३९ मीटरची, म्हणजे अर्ध्या घनमीटरहून मोठी जागा उरते. कित्येक क्विंटल माल त्यात बसतो.

समोरच्या भिंतीच्या आतल्या कोपऱ्यांतले उभे पोलादी खांब आणि वरच्या बाजूची हवेची छिद्रे दिसलीच पाहिजेत. दिसत नसतील तर ती कशाने तरी झाकली आहेत. भिंतींचे पत्रे नागमोडी असतात. मध्येच सपाट तुकडा आला तर थांबा. हातोडीने ठोका देत जा. पत्र्याचा आवाज सगळीकडे सारखा पोकळ येतो, आणि मागे काही भरलेले असेल तर तो दबतो. दुरुस्तीचा नियम सोपा आहे : आत ठिगळ दिसले की बाहेरून त्याच जागी खूण दिसली पाहिजे, आणि बाहेर दिसले तर आत. एकाच बाजूला दिसणारे वेल्डिंग दुरुस्तीचे नसते.

तळाच्या प्लायवूडच्या फळ्या साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि एका पातळीत बसवलेल्या असतात. एखादी फळी उचललेली आहे का, तिचे स्क्रू नवे आहेत का, तळावर चढायला पायरी लागते का, हे पाहा. बाहेर येऊन खालून आडवे पोलादी पट्टे मोजा. ते ओळीने उघडे दिसले पाहिजेत. खालून सपाट पत्रा मारलेला असेल तर कंटेनर परत पाठवा. छताची उंची आतून मोजली तशी बाहेरूनही मोजून ताडून बघा. छत बघायला शिडी लागते, म्हणून ते सर्वांत जास्त वेळा टाळले जाते. नेमके म्हणूनच ते टाळू नका.

रिकाम्या कंटेनरला आणखी एक सोपी चाचणी आहे, ती म्हणजे वजन. दारावर टेअर, म्हणजे रिकाम्याचे वजन रंगवलेले असते : २० फुटीला साधारण २,२०० ते २,३०० किलो, ४० फुटीला साधारण ३,७०० ते ३,९०० किलो. ओल्या फळ्यांमुळे थोडे वाढते. शंभर-दीडशे किलो जास्त भरले, तर कारण सापडेपर्यंत माल भरू नका. भरलेल्या कंटेनरला ही चाचणी तितकी उपयोगी नाही. १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजनाशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर घेत नाहीत, हे खरे. पण वीस टनांच्या मालात दोनशे किलोंचा फरक ओलाव्यात आणि पॅकिंगमध्ये सहज विरून जातो.

तपासणी झाली की फोटो काढा : चारही बाजू, आतली लांबी दाखवणारा एक, दोन्ही दारे, दारावरचा क्रमांक. माल भरून दार लागेपर्यंत कंटेनर नजरेआड होऊ देऊ नका. संध्याकाळी तपासून सकाळी भरलेला कंटेनर न तपासलेलाच समजावा.

प्रश्न : सील कंपनीचेच, क्रमांकही तोच, तरी कंटेनरमध्ये आमच्या मालासोबत परक्या पिशव्या सापडल्या. सील न तोडता दार उघडता येते का?

येते. दाराच्या मुठीचा आणि कडीचा भाग रिव्हेटनी किंवा बोल्टनी जोडलेला असतो. तो जोड सोडवला की सील मुठीला अडकूनच राहते आणि दार उघडते. नंतर नवा बोल्ट बसवून वरून रंग दिला जातो. म्हणून सीलआधी दाराचे लोखंड पाहा : सगळे रिव्हेट एकसारखे आहेत का, एखाद्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा आहेत का, बाकी दार गंजलेले असताना एकाच ठिकाणी रंग चकचकीत आहे का, बिजागरीची पिन हलते का.

सील तपासण्याचे चार टप्पे आहेत. नीट पाहा : खरवड, सांधा, गोंद आहे का. क्रमांक कागदाशी ताडा, आणि प्रत्येक अंक एक-एक करून मोठ्याने वाचा. नजर ओळखीच्या क्रमांकात चुकीचा अंकही बरोबर वाचते. जोरात ओढा. शेवटी पिळून आणि फिरवून बघा, कारण कापून चिकटवलेला किंवा आटे पाडून जोडलेला बोल्ट ओढण्याने सुटत नाही, पण फिरवला की सुटतो. सील आयएसओ १७७१२ प्रमाणाचे आणि त्यावर 'एच' अक्षर असलेले, म्हणजे उच्च-सुरक्षा वर्गाचे हवे. ओढून तोडायला किमान १० किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन वजनाइतके बळ लागते. 'आय' अक्षराचे सील फक्त दार उघडले गेले की नाही एवढे सांगते, अडवत नाही.

तुमच्या बाबतीत जे घडले, त्याला या क्षेत्रात 'रिप-ऑन, रिप-ऑफ' म्हणतात. पाठवणारा आणि घेणारा दोघेही निर्दोष असतात. कंटेनर बंदरात किंवा यार्डात उभा असताना सील तोडून पिशव्या दाराच्या लगेच आत टाकतात आणि नकली सील लावतात. पोहोचल्यावर तिथले साथीदार दार उघडून पिशव्या काढतात आणि आणखी एक नकली सील लावतात. ते बहुधा पिशव्यांसोबतच आलेले असते. म्हणून पिशव्यांमध्ये सुटे सील सापडले, तर ती बंदराच्या आतल्या मदतीची खूण समजून लगेच कळवा. पिशव्या हाताळू नका आणि दार पुन्हा बंद करून माल पुढे पाठवू नका.

माल भरताना दाराशी शेवटच्या थराचा, आणि दार लागल्यावर सीलचा फोटो काढून तो घेणाऱ्याला थेट पाठवला, तर उघडताना दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहता येतात.

प्रश्न : कंटेनरचा क्रमांक खोटा आहे हे जागच्या जागी कळते का?

बऱ्याचदा कळते. क्रमांकात चार अक्षरे, सहा अंक आणि चौकटीतला एक तपासणी-अंक असतो. अक्षरांना दहापासून पुढे किंमत असते, मात्र ११, २२ आणि ३३ वगळून : ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी म्हणजे १३. पहिल्या स्थानाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ४ ने, असे दुप्पट करत दहाव्याला ५१२ ने गुणायचे, बेरीज करून ११ ने भागायचे. उरते ती बाकी हाच तपासणी-अंक. बाकी १० उरली तर शून्य. उदाहरणार्थ, सी-एस-क्यू-यू ३०५४३८ ची बेरीज ६१८५ येते, बाकी ३, म्हणून शेवटचा अंक ३. हे गणित करणारी अॅप आहेत. क्रमांक रंगवताना एक अंक बदलला असेल तर ते बहुधा इथेच पकडले जाते. दुसऱ्या खऱ्या कंटेनरचा पूर्ण क्रमांक उचलला असेल तर मात्र नाही. त्यासाठी दारावरच्या धातूच्या सुरक्षा-पट्टीवरील उत्पादन क्रमांक आणि कमाल वजन मालकाच्या नोंदीशी जुळवावे लागते.

प्रश्न : स्कॅनरच्या चित्रात सगळे दिसते, तर तिथून माल सुटतो कसा?

सगळे दिसत नाही. मोठ्या स्कॅनरमध्ये साधारण ६ ते ९ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे किरण वापरतात आणि ते सुमारे ३०० मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादातून पार होतात. गॅमा-किरणांची यंत्रे त्याहून बरीच कमी भेदतात. आता हिशेब करू. पाण्याइतक्या घनतेचा माल २.३ मीटर रुंदी पूर्ण भरून असेल, तर किरणांच्या वाटेत प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे २३० ग्रॅम द्रव्य येते. पोलादाची घनता ७.८६; भागाकार करा, सुमारे २९ सेंटिमीटर पोलाद झाले. म्हणजे दाट रचलेला गोठवलेला माल यंत्राच्या मर्यादेवर येऊन बसतो, आणि फरशी, दगड, धातूचे भंगार ती ओलांडतात. चित्रात तिथे काळा डाग उरतो. काळा डाग म्हणजे 'काही नाही' असा शेरा मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. योग्य शेरा 'दिसत नाही' हाच, आणि त्यानंतर दुसऱ्या कोनातून चित्र किंवा हाताने तपासणी.

दुसरी चूक तुलनेविना वाचण्याची. चांगला वाचक वस्तू शोधत बसत नाही, तो एकसारखेपणातला भंग शोधतो : खोक्यांची ओळ मध्येच तुटते, पोत बदलतो, तळाची रेषा जाड होते. त्यासाठी त्याच मालाची, त्याच पॅकिंगची जुनी निर्दोष चित्रे जवळ हवीत. रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये यंत्राचा भाग नेहमीच काळा दिसतो, म्हणून तिथे त्याच बनावटीच्या युनिटच्या चित्राशी जुळवल्याशिवाय मत देऊ नये. दोन ऊर्जांचे स्कॅनर सेंद्रिय पदार्थ आणि धातू वेगळ्या रंगांत दाखवतात. पण सेंद्रिय मालात लपवलेला सेंद्रिय पदार्थ त्याच रंगात मिसळतो.

तिसरे कारण थकवा. वाचणाऱ्याला ठरावीक वेळाने उठवून दुसऱ्याला बसवावे, आणि अधूनमधून चाचणीची खोटी चित्रे मिसळून तो ती पकडतो का हे पाहावे.

प्रश्न : बंद कंटेनरमध्ये माणसे असतील तर बाहेरून कसे ओळखायचे? आणि ओळखल्यावर काय करायचे?

आधी वेळ किती असतो ते पाहा, कारण सगळे निर्णय त्यावर आहेत. २० फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. निम्मी मालाने भरली तर साधारण १६,००० लिटर हवा उरते. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा माणसे, तर तासाला २०० लिटर. म्हणजे छिद्रे बुजवलेली असतील तर हवेतले प्रमाण तासाला सव्वा टक्क्याने वाढते. चार टक्के हे प्रमाण जिवाला तातडीचा धोका मानले जाते. हवेतले प्रमाण तिथे साधारण सव्वातीन तासांत पोहोचते. घाबरलेली, दाराशी झटणारी माणसे याहून खूप जास्त श्वास घेतात. रीफर मुळातच घट्ट बंद होतो, आणि यंत्र बंद असेल तर आत उष्णताही साचते.

जून २००० मध्ये इंग्लंडच्या डोव्हर बंदरात टोमॅटोच्या ट्रकमध्ये ५८ चिनी नागरिक मृत सापडले. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून हवेची झडप बंद केलेली होती. २३ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडमधल्याच एसेक्समध्ये एका शीतक ट्रेलरमध्ये ३९ व्हिएतनामी माणसांचे मृतदेह सापडले. तो ट्रेलर बेल्जियममधल्या झीब्रुगहून इंग्लंडमधल्या पर्फ्लीटला चालकाशिवाय, नुसताच जहाजावरून आला होता. उलट ऑगस्ट २०१४ मध्ये इंग्लंडच्या टिलबरी बंदरात कामगारांनी ठोकण्याचा आणि ओरडण्याचा आवाज ऐकून कंटेनर उघडला. आत ३५ जण होते. त्यांतला एक मरण पावला होता, बाकीचे वाचले. त्या दिवशी उपयोगी पडले ते कान.

उपकरणांपैकी स्वस्त आणि जलद म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी. दाराच्या रबरी पट्टीतून किंवा हवेच्या छिद्रातून ती आत सरकवतात. बाहेरच्या हवेत प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असते. आत ते कैकपट असेल तर शंका घ्यावी. नळी एकाच जागी न लावता दाराच्या वर आणि खाली दोन्हीकडे लावावी, आणि बाहेरचे वाचन ट्रकच्या धुरापासून दूर घ्यावे. फसवे वाचन कुठे येते? फळे, भाज्या, ताजे लाकूड, धान्य हेही हा वायू सोडतात, आणि काही रीफरमध्ये फळे टिकवण्यासाठी तो मुद्दाम राखलेला असतो. अशा मालात नळीपेक्षा कुत्र्यावर भर द्यावा. हृदयाच्या ठोक्याची कंपने टिपणारे यंत्र टायरवर उभ्या वाहनावर चालते, पण इंजिन बंद हवे, चालक खाली उतरलेला हवा आणि जवळून दुसरे वाहन जायला नको. जोराच्या वाऱ्यात त्याचा निकाल धरू नये. माणसे असल्याची शंका असताना मोठ्या ऊर्जेच्या एक्स-रेखाली कंटेनर पाठवू नका, आधी उघडा.

आवाज आला, वास आला, रीफरचे यंत्र बंद असून छिद्रे चिकटपट्टीने बुजवलेली दिसली, तर कागदपत्रांची वाट पाहू नका. आधी रुग्णवाहिका आणि पोलीस, मग दार, आणि हे सगळे काही मिनिटांत. आतल्यांशी पत्र्यावर ठोकून बोलत राहा. दार उघडल्यावर लोकांना उघड्या हवेत बाजूला बसवा, मोजा, आत आणखी कोणी पडले आहे का पाहा, मुले वेगळी पडू देऊ नका. चौकशी नंतर. चौकशीतही लक्षात ठेवायचे की, पैसे देऊन सीमा ओलांडणारा आणि फसवून किंवा धमकावून शोषणासाठी नेला जाणारा, या दोन वेगळ्या स्थिती २००० सालच्या संयुक्त राष्ट्र करारपत्रांत मानल्या आहेत, पण प्रवासातल्या कर्जापायी पहिली माणसे सहज दुसऱ्या स्थितीत ढकलली जातात. त्यांना आरोपी म्हणून रांगेत उभे केले, तर नेणाऱ्यांची नावे कधीच मिळत नाहीत.

प्रश्न : तपासणीसाठी कंटेनरमध्ये शिरणाऱ्या आमच्या माणसांना चक्कर आली. आत काहीच सांडलेले नव्हते. कारण काय असेल?

कीड मारण्यासाठी वापरलेला फॉस्फिन किंवा मिथिल ब्रोमाइड हे पहिले कारण. फॉस्फिनची अमेरिकेतली कामाच्या जागेची मर्यादा ०.३ पीपीएम आहे, इतका तो विषारी. धुरी दिल्याची पाटी असते, पण ती पडलेली किंवा काढलेली असू शकते. राखाडी भुकटीच्या पिशव्या दिसल्या तर हात लावू नका. दुसरे कारण प्राणवायू कमी होणे : लाकडी गोळ्या, कोळसा, गंजणारे भंगार तो शोषून घेतात. तिसरे, नव्या फर्निचर आणि पादत्राणांतून निघणाऱ्या सॉल्व्हंटच्या वाफा.

म्हणून दार उघडण्याआधी नळीने वायू मोजा. प्राणवायू २०.९ टक्क्यांच्या जवळ हवा, १९.५ च्या खाली कोणीही आत जायचे नाही. मग दार उघडा, पण आधी दाराला सुरक्षा-पट्टा बांधून उजवे दार थोडेच, बाजूला उभे राहून उघडा, कारण प्रवासात सरकलेला माल दारावर टेकलेला असतो. दोन्ही दारे उघडी ठेवून हवा खेळू द्या, पुन्हा मोजा, माल उतरवताना मधल्या थरांपाशी परत मोजा. खोक्यांच्या आत साठलेला वायू उतरवतानाच बाहेर येतो. एक माणूस आत असेल तेव्हा दुसरा दाराशी उभा हवा. आतला कोसळला तर दाराशी उभ्याने श्वसनयंत्राशिवाय आत धावायचे नाही. दोघेही सापडल्याची उदाहरणे बंद जागांतल्या अपघातांत वारंवार आहेत.

प्रश्न : कंटेनर सोडवून नेण्यासाठी लागणारे गुप्त पिन कोड चोरीला जातात असे ऐकले. हे रोखता येईल?

येईल. पिन कोड वाहतूकदार, एजंट, फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था लावणारा) अशा अनेक हातांतून ईमेलने फिरतो, आणि त्यातला एक हात विकला गेला की मालकाच्या आधी दुसराच ट्रक कंटेनर घेऊन जातो. युरोपीय संघाची पोलीस संस्था युरोपोल हिने २०२३ मध्ये या पद्धतीविषयी अहवालच काढला. उपाय असा की कोड फिरवायचाच नाही. सोडवण्याचा हक्क एका नोंदलेल्या कंपनीकडून दुसरीला बंदराच्या प्रणालीतच द्यायचा, आणि गेटवर ट्रक, चालक व ठरलेली वेळ तिन्ही जुळल्याशिवाय कंटेनर सोडायचा नाही; बेल्जियमच्या अँटवर्प बंदराने अशी प्रणाली आणली आहे. सोबत प्रणालीत कोणता कंटेनर कोणी उघडून पाहिला याची नोंद रोज तपासा. ज्या कर्मचाऱ्याचा एखाद्या कंटेनरशी कामाचा संबंध नाही, त्याने त्याची जागा तीन वेळा शोधली असेल, तर तो कंटेनर गेटबाहेर जाण्याआधी उघडा.